अलिजाच्या पेशींचे नऊ दिवस

साहेब, मिरजेच्या प्रयोगशाळेतलं उबवणयंत्र (पेशींना अंगाइतकी ऊब देणारी पेटी) तुमच्या सहीने बंद पडलं. आत रोगजंतू नव्हते. अकरा वर्षांच्या अलिजा मुजावरच्या रक्तातल्या पेशी होत्या. काय मारलंत ते तरी ऐका. मुलांनीही ऐकावं, त्यांना लवकर समजतं.

साल २०५८. क्ष-किरणांत अलिजाची हाडं भरीव, पांढरीफेक दिसायची. तरी वर्षात तीनदा मोडली.

"नाना, एवढं जाड हाड मोडतं कसं?" तिने शास्त्रज्ञ भास्करनाना गवळींना विचारलं.

"तुमच्या गल्लीत जुना रस्ता न उकरताच वर डांबर ओततात. मग काय होतं?"

"रस्ता उंच होतो, फुटतो, आणि पाणी आमच्या घरात!"

"हाडाचंही तेच. अस्थिभक्षक पेशी (जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशी) आधी उकरतात, मग दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. तुझ्या उकरणाऱ्या कामचुकार आहेत."

"माझ्यावर गेल्यात."

शेजारी बसलेली तिची अम्मी हसली नाही. वाढत्या हाडाने डोळ्याची नस दाबली जात होती. डावा डोळा अंधुक झालाच होता.

नानांनी अलिजाच्या रक्तातल्या पेशींमधलं बिघडलेलं जनुक (पेशीला काम सांगणारी सूचना) दुरुस्त केलं. त्या पेशी हाडाच्या पातळ चकत्यांवर सोडल्या. दर तीन दिवसांनी पोषक द्रव बदलायचा, वाढीची दोन प्रथिनं घालायची. हळूहळू लहान पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या अस्थिभक्षक होतात. बाराव्या दिवशी चकत्या धुवून बघायच्या. खड्डे दिसले, तर दुरुस्त पेशी अलिजाच्या अस्थिमज्जेत (हाडाच्या पोकळीतला रक्त बनवणारा गर) सोडता येणार होत्या.

नवव्या दिवशी तुमच्या खात्याचा तपासनीस आला. पेटीवरची 'हाड खाणाऱ्या पेशी' ही चिठ्ठी वाचून दारातूनच परतला. अहवाल लिहिला, 'धोकादायक'. नानांना कुणी एक प्रश्न विचारला नाही. त्यावर तुमची सही झाली आणि वीज तोडली. पेशी गार पडून मेल्या.

नानांनी तरी एक चकती धुतली. अलिजाने उजवा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला.

"नाना, खड्डा! पण एवढासाच?"

"एवढासाच. पण तुझ्या पेशीने खणलाय, पोरी. आयुष्यात पहिल्यांदा."

एका खड्ड्याने पुरावा होत नाही. पुन्हा रक्त द्यायला तिने बाही वर केली आहे. सलग बारा दिवस मिळाले, तर उजवा डोळा वाचू शकेल.

साहेब, तुमच्याही हाडांत याच पेशी या क्षणी उकरतायत, म्हणून तुम्ही धड उभे आहात. मग अलिजाच्या पेशींचा धोका नेमका कुणाला होता? लेखी उत्तर द्या.