काचेपलीकडचा कानसेन

तिने दार ढकललं, तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. टेबलाखालून फक्त दोन पाय बाहेर आलेले दिसत होते.

“पुढे या,” टेबलाखालून आवाज आला.

ती पुढे गेली.

“आता मागे जा... हं. आता परत पुढे. हळू.”

ती चक्क मागे गेली, परत पुढे आली. मग तिचं तिलाच नवल वाटलं. कॉलेजात वर्गभर पोरांना उठवणारी-बसवणारी आपण, आणि इथे एका टेबलाच्या सांगण्यावरून कवायत करतोय!

“सापडलं!” टेबलाखालून एक विस्कटलेलं डोकं वर आलं. “सकाळपासून कसली तरी कुरकुर ऐकू येत होती. टेबल नव्हे, आणि खुर्चीही नव्हे. काल तुम्हीच आला होतात ना, पानं द्यायला? तुमची डावी चप्पल आहे.”

“काल माझी चप्पल कुरकुरली, ती तुम्हाला आज सकाळपासून ऐकू येतेय?”

“काल ज्या बाई वाचत होत्या, त्यांच्या वाचनात येतेय. पार मागे, दाराजवळ. मला वाटलं खोलीतच काही बिघडलंय.” तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त बारीक होत होता. “या खोलीत अनवाणी यायचं. पाटी लावायला हवी, पण पाटी कोण वाचतं...”

तो ध्वनिमुद्रक. सगळी इमारत त्याला ‘कानसेन’ म्हणायची. तिचं पुस्तक — स्त्रीवादी विचार कसकसे वाढले, कुठे फुटले, कुणी कुणाशी काय वाद घातला, याची साध्या भाषेतली हकिगत — आता ऐकण्याच्या रूपात निघणार होतं. वाचायला एक नामवंत अभिनेत्री ठरली होती. ती काल तिसऱ्या पानावर खोकायला लागली आणि आज तिचा आवाजच बसला होता. नवी वाचणारी मिळेपर्यंत काम थांबवू या, एवढंच सांगायला ही आली होती.

“तुम्हीच वाचा की,” कानसेन म्हणाला.

“मी? माझा आवाज म्हणजे... घरात मला चिमणी म्हणतात.”

“चिमणी सकाळी ओरडते तेव्हा सगळं गाव जागं होतं. बसा. चप्पल बाहेर, मॅडम.”

“मॅडम नका म्हणू. विद्यार्थी ‘बाई’ म्हणतात. शब्द तसा काही वाईट नाही.”

“बसा, बाई.”

आणि ती बसली.

वाचायची खोली म्हणजे एक डबीच. भिंतींना जाड, मऊ अस्तर, समोर मोठी काच. काचेपलीकडे तो आणि त्याच्या ध्वनियंत्राची दिव्यांची फळी. त्याने बटण दाबलं की त्याचा आवाज हेडफोनमधून थेट तिच्या कानात यायचा. इतका जवळून की पहिल्यांदा ती दचकलीच.

छपराचा पत्रा हीच एक अडचण होती. पाऊस वाढला की पत्रा ताशासारखा वाजायचा आणि काम थांबायचं. दिवसही पावसाचेच होते. म्हणजे थोडं वाचन आणि पुष्कळ थांबणं. आणि थांबल्यावर करणार काय? बोलणारच.

“एक विचारू?” कानसेन म्हणाला. पहिलं प्रकरण संपत आलं होतं. “बाईलाही बुद्धी असते. तिला शिकू द्या. तिला मत द्यायचा हक्क द्या. तिच्या नावावर घर असू द्या. हे उदारमतवादी बायकांचं म्हणणं. बरोबर?”

“बरोबर.”

“यात भांडण्यासारखं काय होतं? सरळच तर आहे.”

“सरळ होतं म्हणूनच पिढ्यान् पिढ्या लागल्या,” ती म्हणाली. “अवघड मागणी असती तर लोकांनी निदान विचार तरी केला असता.”

तो काचेपलीकडे खो खो हसला. बटण दाबलेलं नव्हतं, त्यामुळे ते हसू तिला फक्त दिसलं. मग त्याने बटण दाबून विचारलं, “मग पुढे? हक्क मिळाले, गोष्ट संपली?”

इतकी वर्षं ती हा विषय शिकवत होती. ‘परीक्षेला येईल का’ असं विचारणारे पुष्कळ भेटले होते. ‘मग पुढे?’ असं कुणी विचारलं नव्हतं. तिला उगाचच पदर नीट करावासा वाटला. ती सलवार-कुडत्यात आहे, हे मग तिच्या ध्यानात आलं.

पुढचं प्रकरण समाजवाद्यांचं होतं. त्या बायका म्हणाल्या, कायद्याचं दार उघडलं खरं, पण दारापर्यंत पोचायला तिला वेळ कुठे आहे? कारखान्यात राबणाऱ्याला पगार मिळतो. त्याला रोज जेवूखाऊ घालून, त्याचे कपडे धुऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा कारखान्याच्या दारात उभं करणारीला काय मिळतं? तिच्या श्रमाला कुणी श्रमच म्हणत नाही...

दुसऱ्या दिवशी कानसेन गुलाबी शर्ट घालून आला. बाह्या गुलाबी, पाठ फिकट, आणि खिशावर लालसर डाग.

“हे काय?”

“काल घरी जाऊन आईला म्हटलं, आज कपडे मी धुणार. तिची लाल चादर आणि माझे पांढरे शर्ट एकत्र भिजवले.” त्याने गंभीर चेहरा केला. “समाजवाद लालच असतो ना?”

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. “आई काय म्हणाल्या?”

“म्हणाली, श्रम कर बाबा, पण माझे श्रम वाढवू नकोस.”

जहाल स्त्रीवादाचं प्रकरण आलं तेव्हा मात्र त्याच्या भुवया आक्रसल्या. आधीच्या दोन्ही गटांचं लक्ष जास्त करून कायद्याकडे आणि कारखान्याकडे होतं. या म्हणाल्या, मूळ दुखणं घराच्या आत आहे. पुरुष आणि बाई यांच्या नात्यातच एकाची हुकमत आहे. शरीर कुणाचं, मूल कधी, नकार देता येतो की नाही... ‘आमची खासगी बाब’ म्हणून ज्यावर पडदा टाकतात, तेही राजकारणच.

पत्रा वाजायला लागला. ती थांबली. मग काचेपलीकडे त्याने बटण दाबलं.

“म्हणजे... मी शत्रू?”

“काही जणींचं म्हणणं तसंही होतं. सगळ्यांचं नव्हतं. आपापसांत कडाक्याची भांडणं झाली त्यांची.”

“आणि तुमचं?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या गुलाबी कॉलरकडे, एका बारीक होणाऱ्या डोळ्याकडे...

“माझी पाहणी चालू आहे,” ती म्हणाली.

त्याने घाईघाईने दिव्यांच्या फळीत डोकं खुपसलं. त्याचे कान लाल झाले होते. कानसेनाचे कान! तिने पाण्याचा पेला तोंडाला लावून हसू लपवलं.

मग ते प्रकरण आलं. ज्या बायका रंगाने, जन्माने, पैशाने खालच्या मानल्या गेल्या, त्यांनी शिकलेल्या, सुखवस्तू बायकांना विचारलं होतं: तुम्ही ‘आपण बायका’ म्हणता, त्या ‘आपण’मध्ये आम्ही कुठे आहोत? तुम्ही चूल सोडून कचेरीत गेलात, तेव्हा तुमच्या चुलीपुढे कोण येऊन बसलं? आमच्यावरचं ओझं एकेरी नाही. बाई म्हणून वेगळं आणि जन्मामुळे वेगळं, असं ते सुटं करून दाखवता येत नाही. एकात एक गुंतलेलं आहे ते.

“थांबा,” कानसेन म्हणाला. पाऊस नव्हता. पत्रा शांत होता.

“काय चुकलं?”

“काही नाही. माझी आई लोकांच्या घरी कामाला जायची. त्यातली एक बाई फार चांगली होती. बायकांच्या मोर्च्यांना जायची. मोर्च्याच्या दिवशी आईला घरी यायला उशीर व्हायचा.”

तिने हातातलं पान पालथं ठेवलं. मग तिने विचारलं, “हे मी पुस्तकात घेतलं तर चालेल?”

“ती गोष्ट माझी नाही. तिला विचारा.”

म्हणून ती त्याच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, खिडकीत ओळीने कुंड्या. आई गुडघ्याला पट्टा बांधून पलंगावर बसलेली, डोळे मात्र टवटवीत. आत कानसेन चहा करत होता. भांड्यांचा आवाज येत होता, आणि प्रत्येक आवाजाला आई भुवई उडवत होती.

“नमस्कार, मावशी—”

“मावशी नको हं,” आई पटकन म्हणाली. “जन्मभर सगळ्यांच्या घरात मावशीच होते मी. काकू म्हण.”

तिने जीभ चावली. “काकू, तुमची ती मोर्चावाल्या बाईंची गोष्ट...”

“पुस्तकात नको. ती बाई अजून आहे, तिला वाईट वाटेल. तुला ऐकायची असेल तर सांगते.”

आणि काकूंनी सांगितली. राग कुठे आला, हसू कुठे आलं, त्या बाईने एकदा काकूंच्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसून कसं केलं, आणि तरी चहाचा कप वेगळा कसा ठेवला... सगळं सांगितलं. चहा गार झाला. ती निघायला उठली तेव्हा काकू म्हणाल्या, “हा घरी येऊन तुझी सगळी प्रकरणं सांगतो मला. पण प्रकरणं कमी आणि तू जास्त.”

“आई!” आतून काहीतरी पडलं.

फाटकापर्यंत तो सोडायला आला. छत्री एकच होती. “आई काहीही बोलते,” तो म्हणाला.

“खोटं बोलतात का?”

छत्री तेवढी तिच्या बाजूला जास्त कलली, आणि त्याचा खांदा भिजत राहिला.

त्याच आठवड्यात दूरच्या शहरातल्या विद्यापीठातून फोन आला. जागा मिळाली होती. याच विषयाचा नवा विभाग उभा करायचा होता. कितीतरी वर्षं तिने याचीच वाट पाहिली होती! तिने धावत येऊन त्याला सांगितलं.

“अभिनंदन,” कानसेन म्हणाला. “तुमचा हक्कच आहे तो.” आणि त्याने कानांवर हेडफोन चढवले.

इतकं बिनचूक उत्तर! तिला ते उचलून काचेवर आपटावंसं वाटलं.

“त्याने ‘थांब’ म्हणावं असं वाटतंय ना तुला?” तिच्या मोठ्या ताईने फोनवर विचारलं.

“म्हणाला तर भांडीन मी.”

“आणि नाही म्हणाला तर?”

“तर... जास्त भांडीन.”

“धन्य आहेस,” ताई म्हणाली.

शेवटचं प्रकरण नव्या विचारांचं होतं. मुळात ‘स्त्री’ म्हणजे कोण, हे कुणी ठरवलं, असं विचारणाऱ्यांचं. नदी-जंगलाची लूट आणि बाईची लूट यांचं नातं शोधणाऱ्यांचं. फोनच्या पडद्यावरून एकमेकींना हाक देणाऱ्या मुलींचं. तिने ते भराभर वाचून काढलं. नेहमीचे प्रश्न आले नाहीत. मध्येच एकदा, जड आवाजात, त्याने एवढंच विचारलं, “या एकेका टप्प्याला लाट म्हणतात ना? मग नवी लाट आली की आधीची पुसली जाते?”

“नाही. इथे कुणीच पुसलं जात नाही. सगळ्या अजून किनाऱ्यावरच आहेत. भांडतात, एकमेकींचं उसनं घेतात, परत भांडतात.”

शेवटचं वाक्य संपलं. तिने पानं गोळा केली. मग उठली आणि आजवर कधी गेली नव्हती त्या काचेपलीकडच्या खोलीत शिरली.

“तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?”

तो वायरीचं वेटोळं करत होता. “पुष्कळ म्हणायचंय. पण तुमचं पुस्तक मी प्रत्येक ओळ थांबवून थांबवून ऐकलंय. ‘थांबा’ म्हटलं तर मी कुठल्या प्रकरणात जाऊन बसेन, तेच कळत नाही.”

तिला हसू फुटलं. “इतक्या जणींनी इतके वाद घातले ते काय पुरुषांनी मुकं व्हावं म्हणून? ‘थांब’ म्हणणं वेगळं, आणि थांबवणं वेगळं.”

“असं?”

“असं.”

त्याने वायर खाली ठेवली. “मग... थांब ना गं.”

ते ‘गं’ इतकं हळू होतं की दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं.

“नाही थांबणार,” ती म्हणाली. “पण किती बरं वाटलं रे, तू म्हणालास ते!”

“म्हणजे मी अगं, तूही अरे? मला वाटलं मला अहो मिळेल.”

“एकतर दोघंही अहो, नाहीतर दोघंही अरे-अगं. निवड.”

“अरे-अगं.”

“मग ऐक. तू ये माझ्याबरोबर.”

एवढं बोलून ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. तिथे आनंद होता, पण त्याच्या मागोमाग त्याची नजर दिव्यांच्या फळीवर गेली, अस्तर लावलेल्या भिंतींवर गेली. ही खोली त्याने स्वतःच्या हाताने उभी केली होती. तिला एकदम लाज वाटली. दुसऱ्याने आपल्यासाठी सगळं सोडून यावं, असं म्हणणं किती सोपं असतं!

“विचार करायला वेळ हवा,” तो म्हणाला. “आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आणि हे काम... मला आवडतं ते.”

“घे वेळ. मी रुसणार नाही.” मग तिने खरं ते सांगितलं, “थोडी रुसेन.”

ती गेली. नवा विभाग, नवी मुलं, रिकामी कपाटं. फोनवर रोज बोलणं व्हायचं. कधी तो नुसताच फोन धरून बसायचा. तिच्या नव्या खोलीतला पंखा कुठे घासतोय, ते तिकडून सांगायचा. ऑपरेशन झालं, गुडघा बरा झाला. आई काठीशिवाय चालायला लागली. चल माझ्याबरोबर, असं त्याने म्हटलं तेव्हा आईने साफ नकार दिला. “आयुष्यात पहिल्यांदा मला माझं स्वतःचं घर आवरायला वेळ मिळालाय. ते सोडून कुठे येऊ? तू जा. मला वाटलं की येईन चार दिवस.”

त्याने आपल्या खोलीचं काम हाताखालच्या मुलीला शिकवलं, आणि नव्या शहरातल्या रेडिओ केंद्रात तात्पुरतं काम धरलं.

बस सकाळी पोचली. ती तिथे आधीच उभी होती. तो उतरला, एका खांद्यावर यंत्रांची पिशवी, दुसऱ्या हातात बॅग. रात्रभर झोप झालेली दिसत नव्हती. दोघं चालू लागले. नवे रस्ते, नव्या पाट्या, गर्दीत एकही ओळखीचा चेहरा नाही. तो प्रत्येक आवाजाकडे मान वळवत होता.

“घाबरलायस?”

“हो,” तो म्हणाला. त्याने खांद्यावरची पिशवी सावरली. “काम नवं, गाव नवं, माझं असं कुणी नाही. तू सोडून. रात्रभर बसमध्ये तेच डोक्यात होतं. बायका लग्न करून परक्या घरी जातात... इतक्या सहज कशा गं जातात?”

“सहज नाही जात,” ती म्हणाली.

तो रस्त्यातच थांबला. तिच्याकडे बघत राहिला. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी हलला नाही. तिने पुढे होऊन त्याच्या हातातली बॅग खाली ठेवली आणि तो मोकळा झालेला हात धरला.

“माझं प्रेम आहे तुझ्यावर,” ती म्हणाली. “आणि हे गाव नाही मानवलं तुला, तर सांग. जाऊ परत.”

“जाऊ म्हणजे... कोण?”

“दोघं.”

सायकलवाला त्यांना वळसा घालून पुढे गेला. कानसेनाने बॅगेचा एक बंद उचलला, दुसरा तिने, आणि दोघं तिच्या घराच्या गल्लीत वळले.