टिल्लीवरची कुंडी

आमच्या जुन्या घरासमोरच्या फुटपाथात पितळी पत्रा मढवलेला, तळहाताएवढा दगड बसवलाय. त्यावर कोरलंय, ‘इथे राहत होती टिल्ली लेवेन्टाल.’ माझी धाकटी बहीण. नाझींनी तिला याच दारातून नेलं, ती परत आली नाही. मला मावशीने हॉलंडात लपवलं म्हणून मी उरले. शाळा माझी पहिलीतच सुटली. सुटली कसली, ज्यूंची पोर म्हणून हाकललं. तरी टिल्लीचं नाव मला वाचता येतं.

नोव्हेंबरात, ज्यूंची घरंदुकानं फोडली त्या रात्रीच्या आठवणीला, हॅम्बर्गचे लोक नेलेल्यांच्या नावाचे असे दगड घासूनपुसून लखलखीत करतात. मीही फडकं घेऊन सुनेबरोबर गेले. बघते तर टिल्लीवर सिमेंटची भलीमोठी कुंडी!

त्या घराचा आताचा मालक वोसबर्ग दारातच उभा होता.

“लेवेन्टालबाई, भाडेकरूंना येताजाता हे मरण बघावं लागतं. उदास होतात हो.”

“अरेरे! रुमाल वाटू का?”

“आई, हळू बोला,” सून डागमार कुजबुजली. “चारचौघांत...”

“चारचौघांतच नेलं तिला. तेव्हाही सगळे हळूच बोलत होते.”

“कुंडी हलणार नाही,” वोसबर्ग म्हणाला.

मीही हलणारी नव्हते. रोज जाऊन त्याच्या दारात उभी राहायचे.

कुंडीतलं झुडूप काळं पडलं. त्याने दुसरं लावलं, तेही गेलं. मग तळमजल्यावरची बाई ऐन थंडीत खिडक्या सताड उघड्या टाकून बसू लागली. म्हणे, घरात हवाच नाही. ती घर सोडून गेली. पुढे वोसबर्गच जिन्यात छाती धरून थांबायला लागला. डॉक्टरला काही सापडेना.

“छातीवर कुणीतरी ओझं ठेवल्यासारखं होतं,” तो डागमारला म्हणाला. माझ्याकडे बघायची त्याची छाती नव्हती.

एका सकाळी त्याचाच फोन आला. “या. आत्ता या.”

आम्ही पोचलो तेव्हा त्याने पहारीने कुंडी बाजूला सारली होती. ओल्या कुंडीखाली पितळ काळंठिक्कर पडायला हवं होतं. ते झळझळत होतं.

मी गुडघ्यांवर बसले. पत्र्यावर वाफेचा गोल धरला होता, लहान पोराने आरशाला तोंड लावल्यासारखा.

मी पुसला.

पुन्हा धरला. विरला. पुन्हा धरला.

“टिल्ली?”

तो भरभर धरू लागला.

“काढली ना कुंडी?” मागून वोसबर्गने विचारलं. “आता सोडेल ना ती मला?”

त्याला चांगलं फैलावर घ्यायला मी वळले. थंडी मरणाची होती. डागमारच्या तोंडातून वाफ निघत होती, माझ्याही.

त्याच्या तोंडातून निघत नव्हती.