आतून कडी

कमळ गेल्याचं कळलं तेव्हा मी तुरुंगाचं दार बनवत होतो.

पौष महिना होता, साल सत्तावन्न. आगरदांड्याला जेटीजवळच्या जुन्या गोदामात मुंबईच्या पिक्चरवाल्यांनी तुरुंग उभा केला होता. कैदी पळून जातो अशी गोष्ट होती. मी गावचा सुतार, म्हणून दाराचं काम माझ्याकडे आलं. फणसाचं लाकूड, त्यात लाकडाचेच गज, वर काळा रंग. लांबून बघणाऱ्याला ते लोखंडाचं वाटलं पाहिजे.

माझी बायको कमळ सकाळीच होडीने दिघीला गेली होती. भाचीचं बारसं होतं. निघताना म्हणाली, "लोकांची दारं बनवा. आपलं मागलं दार कुजलंय ते कुत्र्यानं ढकललं तरी उघडतंय."

दुपारी होडीवाला धर्मा तांडेल गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचे कपडे ओले होते.

"तुळशीरामदादा," तो म्हणाला, "होडी कलंडली. पाच जणं सापडली. वैनी न्हाय."

तीन दिवस खाडी शोधली. ती मिळाली नाही. चौथ्या दिवशी मी कामावर गेलो आणि दार पुरं केलं. पिक्चरवाल्यांचा साहेब बघायला आला आणि हसायला लागला.

"अहो मिस्त्री, कडी आतून? कैदी काय सासुरवाडीला आलाय?"

घराच्या दाराला घालतात तशी मी कडी आतल्या बाजूला बसवली होती. ती काढली आणि बाहेर लावली. आत स्क्रूची चार भोकं राहिली, ती भुसा आणि सरस घालून बुजवली. वरून रंग दिला. मलासुद्धा हात फिरवून कळलं नसतं.

शूटिंग संपल्यावर ते दार त्यांनी मला देऊन टाकलं. मी ते घराच्या मागल्या बाजूला बसवलं. बाहेरची कडी तशीच ठेवली. आतून बसवायची तेवढी राहिली. निजताना मी आतून पाटा टेकवत असे.

कमळ होती तेव्हा मागलं दार तीच लावायची. कडी घातली की बोटाने दोनदा टकटक करायची. कडी नीट बसल्याची तिची खूण होती ती.

माझी थोरली भावजय नीराबाई शेजारीच राहते. मधूनमधून ती येऊन सांगायची, "भावजी, देह न्हाय गावला तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा असतो. तिची सुटका व्हायला हवी." मी बरं म्हणायचो. दर्भ आणून माळ्यावर ठेवला.

वर्षाने मुरूडला तंबू लागला आणि तो पिक्चर आला. आमचं अख्खं गाव बैलगाड्या जुंपून गेलं. पिक्चरचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं, सगळे 'आपला पिक्चर' म्हणायचे. आपली जेटी दिसली की शिट्ट्या, दादूची शेळी दिसली की टाळ्या. अंबाजीने पहारेकऱ्याचं काम केलं होतं. पडद्यावर त्याची फक्त पाठ दिसली.

"पाठच दिसली ते बरं," त्याची बायको मोठ्याने म्हणाली. "तोंड दिसलं असतं तर कैदी आधीच पळाला असता."

सगळा तंबू हसला. मीही हसलो असेन.

मग कैद्याने गज कापला आणि हात बाहेर घालून कडी काढली. लोक ओरडत होते, "पळ! अरे पळ!" तो पळाला. दार उघडं राहिलं. कोठडीत अंधार होता.

त्या अंधारातून एक हात आला. मनगटापर्यंतच. हिरव्या बांगड्या होत्या, त्यांच्या खाली तुळशीवृंदावनाचं गोंदण होतं. हाताने दार आत ओढून घेतलं.

कडी पडल्याचा आवाज आला. मग दोनदा टकटक.

"दार कुणी लावलं?" मी अंबाजीला विचारलं.

"वाऱ्यानं. गप बघ."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. तसंच झालं. तिसऱ्या दिवशी पडद्याकडे न बघता लोकांकडे बघितलं. सगळे पळणाऱ्या कैद्याला बघत होते. एकटी नीराबाई नाही. तिने पदर तोंडाला लावला होता.

परतताना ती माझ्याच गाडीत होती. घराशी उतरल्यावर म्हणाली, "भावजी, तिला कोंडून नका ठेवू."

सकाळी मी परसात लाकडं आणायला गेलो. मागल्या दारानेच बाहेर पडलो. पाटा बाजूला करून भिंतीला उभा केला होता, हे मला नक्की आठवतं. लाकडं घेऊन आलो, तर दार उघडेना.

बिजागऱ्या बघितल्या. ठीक होत्या. थंडीचे दिवस, लाकूड फुगायचं कारण नव्हतं. बाहेरची कडी मोकळी लोंबत होती. खांद्याने रेटलं.

दार हललं नाही.

मग आतून टकटक झाली. दोनदा.

मी लाकडं खाली ठेवली. "कमळ," म्हणालो. तेवढंच.



वळसा घालून पुढच्या दाराने आत गेलो. घरात कुणी नव्हतं. पाटा भिंतीलाच होता. मागलं दार हात लावताच उघडलं.

आतल्या बाजूला कडी नव्हती. पण मी बुजवलेली चारही भोकं मोकळी होती. खाली जमिनीवर भुशाची लहानशी रास होती, कुणी पायाने सारून ठेवावी तशी.

ती मी झाडलेली नाही. दर्भ माळ्यावर आहे. पुतळा अजून केलेला नाही.