आधी ब्रेक, मग इंजिन

खोक्याचा तळ फुटला तो नेमका भर रस्त्यात. आधी एक चकती निसटली, मग स्प्रिंगा, आणि पाठोपाठ बेअरिंगच्या गोळ्या शाळा सुटल्यासारख्या चहूकडे पळाल्या. दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजू लागले. ती रिकामं खोकं छातीशी धरून तशीच उभी राहिली. पळावं तर पाय उचलत नव्हते. गाड्यांची तिला लहानपणापासूनच धास्ती होती.

तेवढ्यात एक तरुण हात वर करून सरळ गाड्यांसमोर येऊन उभा राहिला. सगळ्यांना थोपवून तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक गोळी टोपीत वेचू लागला.

"हे सगळं कुठं निघालं होतं?" तिला पदपथावर आणून त्यानं विचारलं.

"भंगारात."

"भंगारात?" त्यानं चकती शर्टाला पुसली, उन्हात धरली. "अहो, ही ज्या गाडीची आहे ती माझ्या आजोबांच्या वयाची असेल. बाकीची कुठं आहे?"

"घरी. मागची खोली भरून... खोक्यांत."

"मग मी येतो तुमच्या मागोमाग. गैरसमज नको, तुमच्यासाठी नाही, खोक्यांसाठी."

"ते कळलंच," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, लाजली.

तो जुन्या गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. ती पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. घरात बापलेक दोघंच. बाबांना चालताना काठी लागे, आणि त्या काठीचं कारण त्या खोक्यांतच होतं. ती लहान असताना गावाबाहेरच्या उतारावर गाडीचे ब्रेक लागले नाहीत. बाबांनी गाडी भिंतीवर घातली म्हणून दोघं वाचली, पण त्यांचा पाय कायमचा अधू झाला. बरे झाल्यावर त्यांनी गाडी नटबोल्टापर्यंत खोलली. चूक गाडीची होती की आपली, एवढंच त्यांना शोधायचं होतं. ते काही सापडलं नाही. मग सगळं खोक्यांत गेलं, आणि त्या विषयावर घरात कुणी तोंड उघडेनासं झालं.

"जोडू का?" मेकॅनिकनं बाबांना विचारलं.

बाबांनी काठीच्या मुठीवर हात फिरवला. "जोड," ते म्हणाले. "आणि काय बिघडलं होतं, ते सापडलं तर सांग."

खोकी त्याच्या गॅरेजात गेली, आणि सीट शिवायच्या निमित्तानं तीही जाऊ लागली. रॉकेल, ग्रीस आणि नव्या चामड्याचा वास तिच्या ओढणीला चिकटून घरी यायचा. तो गाडीखाली, ती मशीनवर. मधूनच खालून आवाज यायचा, "गप्प का? सुई मोडली की राग आलाय?"

"तुमची बडबड ऐकतेय."

"मी तर एक शब्द बोललो नाही."

"म्हणून तर ऐकू आली."

असं हसणं-बोलणं चाले, पण गाडीला एकेक भाग बसे तशी तिची झोप उडू लागली. खोक्यांत होती तोवर गाडी मेलेली होती. आता ती चाकांवर उभी राहिली होती, तिला दिवे बसले होते. अंधारात ते दिवे आपल्याकडेच बघतात असं तिला वाटे.

"इंजिन कधी बसवणार?" एकदा तिनं भीत भीत विचारलं.

"ब्रेक मनासारखे झाल्यावर. माझा नियम आहे, आधी ब्रेक, मग इंजिन."

"का?"

"भित्रा आहे मी." तो हे हसत म्हणाला नाही. काळ्या बोटांकडे बघत राहिला. तिनं पुढं होऊन त्याच्या कपाळावरचा ग्रीसचा डाग ओढणीनं पुसला... आणि मग दोघांनाही कुठं बघावं ते कळेना.

गाडी तयार झाली त्या दिवशी तो घरी आला. दारातच उभा राहिला.

"काका, ब्रेकचा एकेक भाग तपासला. जुने पाइप, सिलिंडर, सगळं. काहीच सापडलं नाही. चूक कुणाची होती, मला सांगता येणार नाही. ब्रेकचं सगळं आता नवं घातलंय, एवढंच सांगू शकतो."

तिला वाटलं, काय बिघडलं असतं याचं, एखादा पाइप फुटका होता म्हणाला असता तर? म्हातार्‍या जिवावरचं ओझं तरी उतरलं असतं.

"खोटं बोलला असतास तरी मला कळलं नसतं," बाबा शेवटी म्हणाले.

"हो."

"खरं बोललास, म्हणून माझ्या पोरीला तुझ्या गाडीत बसू देईन." बाबांनी काठी जवळ ओढली. "चालवून कुठं बघणार?"

"उतारावरच. तिथं थांबली तर कुठंही थांबेल."

ती ताडकन उठली. "तू नाही जायचं तिथं."

तो 'तू' तोंडातून निसटला तेव्हा तिचं तिलाच कळलं नाही. तो मात्र तिच्याकडे बघतच राहिला.

"जावं लागेल," तो हळूच म्हणाला. "उद्या सकाळी."

सकाळी धुकं होतं. ती उताराच्या माथ्यावर पोहोचली तेव्हा तो गाडीजवळ उभा राहून हात चोळत होता. तिनं दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसली.

"उतर," तो म्हणाला. "पहिल्यांदा मी एकटा जातो."

"तुझे हात बघ कसे थरथरतायत."

"माहीत आहे."

"मग चल... मी उतरले तर पुन्हा बसायची नाही."

गाडी निघाली. रस्ता एकदम खाली कलला. धुक्यातून ती भिंत पुढं आली, तिचा डागडुजी केलेला कोपरा अजून वेगळा दिसत होता. तिनं त्याच्या शर्टाची बाही मुठीत आवळली. त्यानं ब्रेक दाबला. गाडी गुरगुरली, नाक खाली झुकवून थांबली. भिंत अजून बरीच लांब होती.

त्यानं हँडब्रेक ओढला.

"माझ्याशी लग्न केलंस," तो समोर बघतच म्हणाला, "तर जन्मभर हेच. दुसर्‍यांच्या जुन्या गाड्या, आणि असले उतार. जमेल?"

"नाही जमणार." ती भिंतीकडे बघत म्हणाली. "रोज जीव टांगणीला लागेल माझा."

त्यानं मान हलवली. बाही सोडवून घेतली नाही.

"पण तू एकटा गेलास, आणि मी घरी बसून वाट बघत राहिले, तर त्याहून जास्त लागेल," ती म्हणाली. "तेव्हा ही सीट माझी. दुसर्‍या कुणाला बसवलंस तर शिवण उसवून नेईन."

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले.

खाली, उताराच्या पायथ्याशी, धुक्यात काठी टेकून कुणीतरी उभं होतं.

"बाबा आहेत," ती म्हणाली. "सोड ब्रेक. हळू."