थांबलेली खुर्ची फिरते तेव्हा

"तो आता कठड्याला नमस्कार करतोय," पुष्करने पाण्याच्या टाकीमागून बातमी दिली.

"नमस्कार कसला, तोल गेला म्हणून धरलाय," श्रुती म्हणाली. "सरक, मला बघू दे."

"हौ, पण टाकीला ढकलू नक्को," तेजश्री म्हणाली. "ही पडली तर पूर्ण बिल्डिंग बिनआंघोळीची."

तारनाक्याच्या त्या इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळ सावकाश विरघळत होती. श्रुतीचा मोठा भाऊ सारंग डोळे मिटून एका पायावर उभा होता. मग दुसऱ्या पायावर. मग पुन्हा कठडा. आठवडाभर हा कार्यक्रम रोज होत होता, आणि आपल्याला प्रेक्षक आहेत हे त्याला माहीत नव्हतं.

पुष्कर श्रुतीचा चुलतभाऊ, सुट्टीसाठी पुण्याहून आलेला. तेजश्री खालच्या मजल्यावरची. तिचं घराणं हैदराबादेत इतक्या पिढ्या मुरलं होतं की तिच्या मराठीला इथल्या पाण्याची चव आली होती.

डोक्यावरून एक विमान गेलं. गुलाबी आभाळात ते इतकं हळू चाललं होतं, जणू त्याला कुठे पोचायचंच नव्हतं. एरवी सारंगने ते कुठून आलं आणि कुठे निघालं हे लगेच सांगितलं असतं. वर जाऊन विचारायची सोय नसल्यामुळे घरात सगळे ते खरं मानत. आज त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"काहीतरी बिघडलंय," श्रुती हळूच म्हणाली.

जेवताना कळलं. सारंगला विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत जागा मिळाली होती आणि सोमवारी त्याने होकार कळवायचा होता. नाही कळवला तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

"मी नाही जाणार," सारंग वरणभातात बघत म्हणाला. "माझ्या शरीरात दोष आहे. विमानाच्या क्लासमधल्या हिम्मतराव सरांनी चाचणी घेतली. मला कुठल्या दिशेला फिरतोय तेच कळत नाही."

"रेल्वेत ये," दिलीपकाका, म्हणजे सारंगचे बाबा म्हणाले. ते रेल्वेच्या ऑफिसात होते. "रूळ ठरलेले असतात. दिशेबद्दल कुणी आपलं मत विचारत नाही."

त्यांनी आणखी भात घेतला. त्यांच्यापुरता प्रश्न सुटला होता.

दुसऱ्या दिवशी सारंग क्लासची पुस्तकं परत करायला दिलसुखनगरला निघाला, तेव्हा तिघं मदतीला गेली. पुस्तकं दोन होती. सारंगने ती स्वतःच धरली होती.

कोचिंग क्लासच्या पाट्यांनी झाकलेल्या एका इमारतीत हिम्मतराव सरांचा क्लास होता. आधी तिथे बँकेच्या परीक्षांची तयारी व्हायची. पाटीवरचा 'बँक' हा शब्द रंगवून त्यावर 'विमान' लिहिलं होतं, त्यामुळे आता पाटीवर 'विमान क्लार्क परीक्षा' असं दिसत होतं.

आत मधोमध एक फिरती खुर्ची होती आणि तिच्यात युवराज नावाचा मुलगा डोळ्यांवर पट्टी बांधून बसला होता. हिम्मतराव सरांनी त्याला एका संथ लयीत डावीकडे फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग खुर्ची अलगद थांबवली.

"आता कुणीकडे फिरतोयस?"

"उजवीकडे, सर," थांबलेल्या खुर्चीत बसलेला युवराज म्हणाला.

सरांनी दुःखाने मान हलवली. "दोष आहे, बेटा. आकाश तुझ्यासाठी नाही."

युवराजने पट्टी काढली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला, जणू ते कुणीतरी विसरून गेलेलं सामान होतं.

"सर," पुष्करने विचारलं, "आजवर पास किती झाले?"

"अजून कुणी नाही. वैमानिक लाखात एक असतो."

"आणि तुम्ही स्वतः बसून बघितलंय यात?"

"डॉक्टर स्वतःला इंजेक्शन टोचून बघतो का?" सर म्हणाले. बाकी मुलं हसली. युवराज हसला नाही.

खाली उतरल्यावर सारंगने सगळ्यांना सरबत पाजलं. ऊन रस्त्यावर पातळ पडद्यासारखं हलत होतं. श्रुतीने ग्लास टेबलावर तसाच गोल फिरवायला सुरुवात केली. तिला विचार करताना काहीतरी फिरवावं लागे.

"अरे, हे बघ ना," ती म्हणाली.

ग्लास फिरू लागला तरी सरबतातले सब्जाचे फुगलेले दाणे जागच्या जागी राहिले. जरा वेळाने तेही ग्लासाबरोबर फिरू लागले, अगदी एका चालीने. मग तिने ग्लास थांबवला. दाणे थांबले नाहीत. आतल्या आत, झोपेत चालल्यासारखे, ते फिरतच राहिले.

"युवराज," पुष्कर म्हणाला.

"हौ. युवराजच हाय हा," तेजश्री म्हणाली आणि ग्लास पिऊन टाकला. पुरावा नष्ट झाला, पण तिघांनी तो पाहिला होता.

घरी येऊन त्यांनी दिलीपकाकांची फिरती खुर्ची गच्चीवर चढवली. काका तेव्हा तिच्यात नव्हते, हे बरं झालं.

पहिली श्रुती बसली. तेजश्रीने ओढणीने तिचे डोळे बांधले आणि पुष्करने खुर्ची डावीकडे फिरवली. आधी सगळं सरळ होतं: ती फिरत होती. मग हळूहळू फिरणं निवत गेलं. खुर्ची थांबली, असं तिला वाटलं. आता ती एका मऊ अंधारात तरंगत होती आणि कुठेतरी दूर बसचा हॉर्न वाजत होता. वारा एकदा या गालाला लागे, एकदा त्या गालाला. बिचारा वारा चक्रावलाय, तिला वाटलं.

"का थांबवलंस?" तिने विचारलं.

"थांबवली नाही," लांबून पुष्करचा धापा टाकणारा आवाज आला. "मी अजून फिरवतोय. बाई, तू जड आहेस."

मग त्याने खरंच थांबवली. आणि सगळं तारनाका, विद्यापीठाची झाडं, वाळत घातलेल्या चादरी, श्रुतीला घेऊन उजवीकडे संथ फिरू लागलं.

पुष्करला तसंच वाटलं. तेजश्रीलाही तसंच. खुर्ची शोधत वर आलेल्या दिलीपकाकांना तिघांनी काही न सांगता बसवलं, तेव्हा त्यांनी थांबलेल्या खुर्चीचे हात घट्ट धरून गाडी उलट दिशेने निघाल्याची तक्रार केली.

"चौघांत चार दोषी," पुष्कर म्हणाला. "घराणंच वाईट."

"माझं घराणं वेगळं हाय," तेजश्री म्हणाली. तिने बरकतपुऱ्याला राहणाऱ्या आपल्या रंजनाआत्याला फोन लावला. आत्या कान-नाक-घशाची डॉक्टर होती. एव्हाना वर येऊन कठड्याशी उभ्या राहिलेल्या सारंगलाही ओढून आणण्यात आलं.

"कानाच्या आत वाकड्या नळ्या असतात, अगदी बारीक," फोनमधून आत्याचा आवाज आला. "त्यांत पाणी आणि पाण्यात केसांसारखे तंतू. पाणी मागे राहिलं की तंतू वाकतात आणि मेंदूला सांगतात, फिरतोय. पाणी नळीच्या चालीला आलं की तंतू सरळ होतात. मग मेंदू म्हणतो, थांबलो. खुर्ची थांबली तरी पाणी पुढे जातं, तंतू दुसरीकडे वाकतात, म्हणून उलटं फिरल्यासारखं वाटतं. ढगात शिरलेल्या वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नाही, तेव्हा त्यालाही असंच फसायला होतं. म्हणून तर त्याच्यासमोर यंत्रं असतात."

"म्हणजे माझ्यात दोष नाही?" सारंगने विचारलं.

"उलट, एवढं फिरवूनही ज्याला काहीच वाटणार नाही त्याला माझ्याकडे पाठव. त्याचे कान तपासावे लागतील."

"पण सर इतक्या खात्रीने बोलले," सारंग म्हणाला. "त्यांना कसं माहीत नसेल?"

कारण ते कधी बसलेच नाहीत, श्रुतीच्या मनात आलं. तिने पुष्करकडे बघितलं.

सोमवारी सकाळी क्लास भरलेला होता. सारंग दारापाशी उभा राहिला. पुष्कर मात्र थेट पुढे गेला, त्याने चेहरा शक्य तितका भाबडा केला होता.

"सर, लाखात एक माणूस कसं अचूक उत्तर देतो, ते सगळ्यांना बघायचंय. असा माणूस आम्हाला एकच माहीत आहे."

हिम्मतराव सरांनी नम्रपणे इकडेतिकडे पाहिलं. तो माणूस आपणच असल्याची त्यांची खात्री पटायला वेळ लागला नाही. ते खुर्चीत बसले. तेजश्रीने पट्टी बांधली. युवराजने त्यांना डावीकडे फिरवलं, त्याच संथ लयीत, अगदी आदराने.

"थांबलो बघा," सर म्हणाले. ते अजून त्याच लयीत फिरत होते.

युवराजने खुर्ची थांबवली. आता खोलीत फक्त पंखा फिरत होता.

"आता कुणीकडे, सर?" श्रुतीने विचारलं.

"उजवीकडे. अरे, किती जोरात. युवराज, धर खुर्ची."

"धरलीय, सर. मघापासून."

"मग मी का फिरतोय?"

तेजश्रीने पट्टी सोडली. सरांना समोरची भिंत सरकताना दिसली, मग ती हळूहळू जागेवर आली. त्यांनी युवराजचा खुर्ची धरलेला हात पाहिला. रागवायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण राग कुठेतरी वाटेत राहिला.

"माझ्यातही दोष आहे?" त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं.

दारापाशी उभा असलेला सारंग पुढे आला. "नाही, सर. तुमचे कान उत्तम आहेत. युवराजचेही." त्याने स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. "माझेही."

रंजनाआत्याने सांगितलेलं सगळं त्याने समजावून सांगितलं. सरांनी दोनदा ऐकलं. मग त्यांनी मोबाइल काढला आणि नापास केलेल्या पहिल्या मुलाला फोन लावला. "बेटा, मी चुकलो," एवढं म्हणायला त्यांना तीन वेळा घसा खाकरावा लागला, पण ते म्हणाले. दुसऱ्या फोनला खाकरणं कमी झालं.

सारंगनेही जिन्यात उभं राहून एक फोन केला. "हो, येतोय," तो म्हणाला.

संध्याकाळी रंजनाआत्या मिठाई घेऊन आली. "ही तिघं माझ्या हाताखाली चालतील," ती म्हणाली. "प्रश्न विचारतात आणि आधी स्वतःला फिरवून बघतात."

"खरं सांगू?" दिलीपकाका म्हणाले. "स्टेशनात शेजारची गाडी हलली की मला अजून आपलीच हलल्यासारखी वाटते. इतकी वर्षं रेल्वेत आहे, कुणाला बोललो नव्हतो." मग ते मुलांकडे वळले. "तुम्ही माझा मुलगा मला न विचारता आकाशात पाठवलात. शाब्बास."

ते सारंगजवळ गेले. "बस खुर्चीत. मी फिरवतो."

डोळे बांधून सारंग बसला. बाबांनी त्याला हळूहळू फिरवलं. आभाळ जांभळं झालं, दूरवर दिवे लागले, आणि कुणालाच घाई नव्हती. मग त्यांनी खुर्ची थांबवली.

"कुणीकडे फिरतोयस?"

"उजवीकडे. अगदी नक्की उजवीकडे," सारंग म्हणाला. "पण खरं काय चाललंय?"

"थांबलीय," बाबा म्हणाले.

"मग थांबलीय," सारंग म्हणाला, आणि आतल्या आत फिरत, कठड्याला हात न लावता, तो उठून उभा राहिला.