कथील नावाचं मशीन

चिखलाने भरलेले बूट घालून ती संगणकाच्या प्रयोगशाळेत शिरली, तेव्हा दारातल्या सहायकाने आधी बुटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाला, “प्राणिशास्त्र वरच्या मजल्यावर.”

“माहीत आहे. तिथूनच आलेय.”

“मग इथे...”

“शिकायला. का बूट काढून ठेवू, आणि अक्कलही?”

तो नुसता हसला, तेही डोळ्यांनीच, आणि तिला खिडकीजवळची जागा दाखवली. त्या हसण्याचा तिला पहिला राग आला. पुढे रागाला काही तोटा राहिला नाही.

ती तळ्याकाठी बसून बेडकांचे आवाज टिपायची. रेकॉर्डिंगमधून कोणता बेडूक किती वेळा ओरडला हे मोजणारा प्रोग्रॅम तिला पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहायचा होता. तो वर्ग घेणाऱ्या मॅडमच्या संगणकावर नीट चालला, तर त्यांच्या पाणथळीच्या प्रकल्पातली जागा तिची. जागा एकच होती, आणि तिला ती तहान लागल्यासारखी हवी होती.

वर्गाचा नियम असा, की काम व्हर्च्युअल मशीनवर करायचं. म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक, सगळ्यांचा अगदी सारखा. ‘माझ्याकडे तर चालत होतं’ ही सबबच नको. या मशीनना धातूंची नावं होती. तिचं कथील, शेजारणीचं जस्त. मशीनच्या आत पुन्हा पायथॉनचं एन्व्हायर्नमेंट उभारायचं : कामाला लागतील तेवढीच हत्यारं, ठरावीक आवृत्त्यांची, एका वेगळ्या कप्प्यात. तिथे एक हत्यार बसवलं की दुसरं रुसायचं. तिने मदत मागितली की सहायक शांतपणे विचारायचा, “सूचना वाचल्या?”

कप्प्याला नाव द्यावं लागतं, आणि ते पडद्यावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला झळकत राहतं. तिने दातओठ खात नाव दिलं – खडूस.

“रोज जेवताना एकाच माणसाची तक्रार,” आई एकदा म्हणाली. “एवढा राग मी तुझ्या बाबांवरही धरला नाही. आणि त्यांच्याशी तर मी लग्न केलंय.”

“आई, विषय काय आणि तू बोलतेस काय.”

“मी कुठे काय बोलले. वाढू अजून?”

काम द्यायच्या दिवशी सकाळी तिने मशीन उघडलं. आत काहीच नव्हतं. ना प्रोग्रॅम, ना कप्पा. पहिल्या दिवशी मिळालं होतं तसं कोरं करकरीत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सहायक स्वतःच उठून आला. चेहरा पांढराफटक.

“जस्त अडकलं होतं. ते मूळ स्थितीला न्यायचं होतं. मी... कथील नेलं.”

“नेलं? भाजी न्यावी तसं नेलंत?”

“माझी चूक आहे. मी मॅडमना सांगितलंय. त्या दोन दिवस वाढवून द्यायला तयार आहेत.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी भीक मागायला? बाकीच्यांनी आज द्यायचं आणि मी परवा? उद्या जागा मिळाली, तरी लोक म्हणतील सवलतीची. मी आजच देणार.”

“मग मी बसतो करायला.”

“बसा. पण की-बोर्डला हात लावायचा नाही. हात मागे.”

आणि तो खरोखरच हात मागे बांधून तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला, शिक्षा झालेल्या मुलासारखा. येणारे-जाणारे बघत होते. तिने बघू दिलं.

तिच्या पेनड्राइव्हवर प्रोग्रॅमची जुनी प्रत होती. बाकीचं डोक्यात. ती टाइप करत होती, तो पडदा वाचत होता. एकदा तो पुढे वाकला तेव्हा तिच्या कानाशी त्याचा श्वास जाणवला, आणि तिच्या बोटांनी एक स्वल्पविराम खाल्ला.

“स्वल्पविराम,” तो हळूच म्हणाला.

“दिसतोय मला. लांब बस.”

रागाच्या भरात ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, तिला कळलं नाही. त्याला कळलं. तो थोडासाच लांब बसला.

मग कप्प्याचं नाव द्यायची वेळ आली. तिची बोटं थबकली.

“तेच दे,” तो म्हणाला. “खडूस.”

तिचे कान तापले. “तू... कधी पाहिलंस?”

“पहिल्याच आठवड्यात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मी. इतक्या वेळा मला कुणीच लिहिलेलं नाही.”

“मी नाही लिहीत. मशीन लिहितं.”

“माझं मशीन नाही लिहीत. मलाच लिहावं लागतं.” तो खिडकीकडे पाहू लागला. “कथील सुरू आहे का, म्हणजे तू आलीस का, हे मी रोज नाव लिहून बघतो. सकाळी... दुपारी पुन्हा. काल संध्याकाळीही जस्तच लिहायचं होतं. हात सवयीने कथील लिहून गेला.”

तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“म्हणजे,” ती एकेक शब्द तोलत म्हणाली, “माझं सगळं काम उडालं, कारण तुला मी आवडते?”

“हो.”

“याच्याइतकं भिकार कारण मी आजवर ऐकलेलं नाही.”

“माझ्याकडे दुसरं नाही.”

तिला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, आणि मग नेमकं काय करावं, हे ठरेना. म्हणून तिने ‘खडूस’ असं जोरजोरात बटणं आपटत लिहिलं आणि कामाला लागली. चिडून लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्यापेक्षा आखूड झाला आणि वेगाने पळू लागला, हे तिने त्याला सांगितलं नाही. त्याला ते दिसतच होतं.

मॅडमची खोली बंद व्हायच्या जरा आधी तिने प्रोग्रॅम आणि एन्व्हायर्नमेंट जसंच्या तसं पुन्हा उभारणारी फाइल पाठवून दिली. पाठवल्यावर तिच्या ध्यानात आलं – त्या फाइलीत कप्प्याचं नावही जातं.

ती उत्तराची वाट बघत बसली. त्याचे हात अजून मागेच होते. मनगटावर खुर्चीच्या पाठीचा लाल वळ उमटला होता. तिला तो दिसला, आणि दिसल्याचाही राग आला.

उत्तर आलं. ‘चालला. बेडूक बरोबर मोजले आहेत. सोमवारी बूट घालून ये, पाणथळीवर जायचंय. आणि हा खडूस कोण?’

तिने ते पुन्हा वाचलं. जागा तिची होती, सवलतीशिवाय. तिने की-बोर्ड त्याच्यापुढे सरकवला.

“घे हात पुढे,” ती म्हणाली. आवाजातला राग तिने मुद्दाम थोडा शिल्लक ठेवला होता. “विचारलंय ना त्यांनी? तूच सांग कोण ते.”

त्याने हात पुढे घेतले. अवघडलेली बोटं झटकली. मग बराच विचार करून एकच शब्द लिहिला, आणि पाठवायच्या आधी तिच्याकडे पाहिलं.

‘हिचा,’ एवढंच लिहिलं होतं.

पाठवायचं बटण तिने दाबलं.