कारखान्यातले ऊन

सकाळचे ऊन कारखान्यात शिरे ते एखाद्या भिडस्त पाहुण्यासारखे. आधी खिडकीच्या काचेपाशीच घुटमळे; मग भुशाच्या ढिगाला वळसा घालून, पॉलिशच्या डब्यांवर क्षणभर टेकून, शेवटी आरेखकाच्या टेबलाशी येऊन पोहोचे. तिथे कोऱ्या कागदाचा एक कोपरा पिवळसर होई, पट्टीची कड चकाके, आणि हवेतले लाकडाचे कण असे संथ तरंगत राहत, जणू त्यांनाही कुठे जायची घाई नव्हती. त्या उन्हात विशेष असे काहीच नव्हते. तरीही, "एवढी यातायात करून रोज येतोस कशाला?" असे कुणी विचारले की आरेखकाचे उत्तर ठरलेले असे. "इथलं ऊन चांगलं आहे."

जिन्यावरून पडून पाठीच्या कण्याला इजा झाल्यापासून कमरेखालचे शरीर त्याचे ऐकत नव्हते. चाकांच्या खुर्चीत बसून तो इतरांसाठी खुर्च्या रेखाटी. काम आवडीचे होते, पगार वेळेवर होई, आणि सगळे त्याच्याशी इतके गोड वागत, की आज आपला निरोपसमारंभ तर नाही ना, अशी शंका त्याला अधूनमधून येई.

मग खुर्च्यांना गाद्या बसवायला ती नव्याने कामाला आली. पहिल्याच आठवड्यात एक नवी खुर्ची ओढत ती त्याच्या टेबलापाशी थडकली.

"ही कुणाच्या डोक्यातून निघाली?"

"माझ्या," तो संकोचून, पण अभिमानाने म्हणाला.

"मग डोक्यातच ठेवायची होतीत."

सुतारकाकांचा रंधा जागच्या जागी थांबला.

"का... काय झालं तिला?"

"दिसायला राजकन्या आहे हो. पण बसलेला माणूस उठणार कसा? बसून बघितलीत?"

नवी खुर्ची झाली की मालकांपासून सगळ्यांनी तिच्यात बसायचे आणि खोट काढायची, ही कारखान्याची रीत होती. फक्त आरेखकाला 'बसून बघ' म्हणताना प्रत्येकाची जीभ अडखळे. आणि त्याने काढलेल्या खुर्चीत खोट काढायला कुणाचे मन धजत नसे.

"मी तसा... बसलेलाच असतो."

"ते दिसतंय. या खुर्चीत बसलात का, ते विचारतेय. गादी मी बसवलीय, तिची खात्री देते. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." मग आवाज जरा उतरवून, "मी खुर्ची धरते. तुम्हालाही धरू?"

"नको."

"बरं."

चाकांना ब्रेक लावून, हातांवर शरीर तोलत तो सरकला आणि बसला. परत निघताना मात्र घोटाळा झाला. खुर्चीचे हात अर्ध्यावरच संपत होते. रेटा द्यायला गेलेला त्याचा तळवा दर वेळी हवेत पडे.

"अडकलात?"

"विचार करतोय."

"करा. मी जेवून येते."

आणि आरेखक हसला, मोठ्याने, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा. तिने आपला दंड पुढे केला. तो धरून आरेखक आपल्या खुर्चीत परतला.

"हातांच्या जोरावर उठणारा माणूस तुम्ही, आणि खुर्चीचेच हात छाटलेत!"

"नाजूक दिसावेत म्हणून..."

"नाजूकपणा गेला खड्ड्यात."

त्या दिवसापासून ती रोज खोट काढी आणि तो रोज दुरुस्ती करी. खोटी संपत आल्या, तेव्हा त्याला एक युक्ती सुचली: चित्रात एखादी चूक मुद्दाम सोडायची. मग ती येई, कागदावर ओणवी होई, आणि तिच्या केसांत अडकलेला कापसाचा पुंजका तो मान खाली घालून बघत राही.

एवढ्यात मालकांनी मायेने जाहीर केले, "पुढच्या महिन्यापासून तू घरूनच काम कर. पगार तोच. संध्याकाळपर्यंत सांग."

सगळ्यांनी अभिनंदन केले. आईचा तर फोनवर आनंद मावेना. गाद्या बसवणारी मात्र दिवसभर फिरकली नाही. टेबलावरचे ऊन केव्हाच सरकून गेले होते. त्याने एकामागून एक तीन चुका तिच्याकडे पाठवून पाहिल्या. तिन्ही कागद मुकाट्याने मंजूर होऊन परत आले. इतके वाईट त्याला कधीच वाटले नव्हते.

संध्याकाळी मात्र ती आली.

"सकाळच्या खुर्चीला तीनच पाय होते."

"हो... नजरचुकीनं."

"आणि दुपारच्या खुर्चीला पाठच नव्हती! मला काय आंधळी समजता?" हातातल्या गादीत सुई खुपसत ती म्हणाली, "घरी तुमच्या खोटी काढायला कोण येणार आहे?"

तो काही बोलणार, तोच मालक आले.

"मग, काय ठरलं?"

"मी इथंच येणार."

"अरे, पण का? पुन्हा ते ऊनच ना?"

रंधा थांबला. तिच्या हातातली सुई थांबली. आरेखकाच्या ओठांवर ठरलेले उत्तर आले... आणि तसेच परत गेले.

"नाही," तिच्याकडे बघत तो म्हणाला, "ऊन घरी जास्त चांगलं येतं."